पावसानंतर एसडब्ल्यूआर चढला: नवी अँटेना घेण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधा

तुमच्या हौशी रेडिओ (हॅम) स्टेशनबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा. गच्चीवरच्या खांबावर ९ मीटर उंचीला ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झचा) इन्व्हर्टेड व्ही डायपोल आहे, म्हणजे मधून उचललेली आणि दोन्ही हात खाली उतरणारी तारेची अँटेना. मध्यभागी १:१ चा तयार बॅलन (तारेचे दोन हात केबलला नीट जोडणारा डबा), आणि तिथून २५ मीटर आरजी-५८ केबल खाली शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत येते. वर्षभर ७.१ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (पाठवलेल्या लाटेपैकी किती परत येते ते दाखवणारा आकडा, १ म्हणजे काहीच नाही) १.३ होता. एक मोठा पाऊस झाला आणि तो ३ वर गेला. कडक ऊन पडलं की दुपारी १.७ पर्यंत उतरतो, रात्री परत चढतो. तुम्ही दोन्ही बाजूंची तार १५-१५ सेंटिमीटर कापून पाहिली, उपयोग झाला नाही. ट्यूनर (रिगला, म्हणजे रेडिओ सेटला, ५० ओहम भासवणारा जुळणीचा डबा) लावला की आकडा १.१ होतो, पण पूर्वी ५-९ रिपोर्ट देणारे आता ५-५ देतात (दुसरा आकडा सिग्नलचा जोर, एस-युनिटांत). रिसीव्हरमधला नॉइज दोन एस-युनिटांनी वाढलाय, आणि १०० वॉटवर बोलायला लागलं की कॉम्प्युटरचा कीबोर्ड आपोआप अक्षरं टाइप करतो. शेवटी तुम्ही विचारलंय, कोणती नवी अँटेना घेऊ?

सध्या कोणतीच घेऊ नका. जी अँटेना वर्षभर १.३ दाखवत होती आणि ५-९ रिपोर्ट मिळवून देत होती, तिची लांबी, उंची, मांडणी यांत मुळात खोट नव्हती. मधल्या काळात काहीतरी बदललंय. ते काय आणि कुठे, एवढंच शोधायचं आहे. नवी अँटेना त्याच केबलला जोडलीत तर जुना बिघाड तसाच राहील आणि दोष मात्र नव्या अँटेनाला लागेल.

पहिली गोष्ट मनात पक्की करा. तुम्ही शॅकमध्ये वाचता तो एसडब्ल्यूआर अँटेनाचा नसतो, मीटर जिथे लावलाय तिथला असतो. मीटरच्या पुढे पॅच कॉर्ड, कनेक्टर, २५ मीटर केबल, पुन्हा कनेक्टर, बॅलन आणि मग तार, असं सगळं मिळून तो एक आकडा बनतो. केबल जेवढी जास्त ऊर्जा खाते, तेवढा तो आकडा चांगला दिसतो, कारण वरून परत येणारी लाट मीटरपर्यंत पोचेपर्यंत अर्धीमुर्धी विरून जाते. म्हणून जास्त एसडब्ल्यूआर हे बिघाडाचं लक्षण असू शकतं, पण कमी एसडब्ल्यूआर हा तब्येत चांगली असल्याचा दाखला नाही. तुमचं दुपारचं १.७ मी याच नजरेने बघतो.

आता थोडा हिशोब करू, कारण यातच तुमच्या तक्रारीची किल्ली आहे. चांगल्या स्थितीतली २५ मीटर आरजी-५८ केबल ७ मेगाहर्ट्झला साधारण १ डीबी खाते (डीबी म्हणजे डेसिबल; ३ डीबी गेले की अर्धी पॉवर गेली). शॅकमध्ये ३ दिसत असेल तर अशा केबलच्या वरच्या टोकाला एसडब्ल्यूआर ४ च्या पुढे असणार, साधारण ४.४. एवढ्या मिसमॅचमुळे (अँटेना आणि केबल न जुळल्यामुळे) केबलमधला तोटा १ डीबीवरून जेमतेम २ डीबीवर जातो. म्हणजे जास्तीचा तोटा १ डीबी. एक एस-युनिट ६ डीबीचं धरतात, तेव्हा हा फरक समोरच्याला जाणवणारही नाही. ट्यूनर लावून रिगला ५० ओहम दाखवल्यावर तुमचे रिपोर्ट जवळपास पूर्वीसारखेच यायला हवे होते. ते आले नाहीत. चार एस-युनिट पडलेत. मीटरमीटरमध्ये फरक असतो, बँडची हवा (सिग्नल किती दूर, किती जोरात पोचतो ती परिस्थिती) तासातासाला बदलते, हे सगळं धरूनही एवढी घट एकट्या एसडब्ल्यूआर ३ ने होत नाही. ऊर्जा दुसरीकडे कुठेतरी जिरते आहे. केबलमध्ये, एखाद्या जोडात किंवा बॅलनच्या डब्यात.

(बँडच्या हवेबद्दल एक सूचना. ७ मेगाहर्ट्झवर सकाळचा रिपोर्ट आणि रात्रीचा रिपोर्ट यांची तुलना करू नका. शंभर-दोनशे किलोमीटरवरचं एकच ओळखीचं स्टेशन ठरवा आणि रोज दुपारी त्याच वेळी, त्याच पॉवरवर रिपोर्ट घ्या. घट खरी आहे का ते काही दिवसांत कळेल.)

दुपारी उतरतो, रात्री चढतो, या लक्षणाचा अर्थ बहुतेक वेळा ओल हाच असतो. उन्हाने डबा किंवा कनेक्टर तापला की आतलं पाणी थोडं सुकतं, रात्री थंडाव्याने वाफ पुन्हा पाणी होऊन बसते. पण "बहुतेक वेळा" असं म्हणतोय ते मुद्दाम. तारेचं टोक ओल्या फांदीला किंवा भिजलेल्या भिंतीला टेकत असेल तरी हाच खेळ दिसतो. तार तापून लांब होते हेही खरं, पण तेवढ्याने ४० मीटरवर इतका फरक पडत नाही, ती शंका सोडून द्या. तुमची तार कुठून कशी जाते ते मला माहीत नाही, म्हणून पुढची पद्धत अशी सांगतो की अंदाज चुकला तरी बिघाड सापडेल.

सुरुवातीला ट्यूनर बायपास करा. रिगमधला अंतर्गत ट्यूनरसुद्धा बंद. ट्यूनर रिगला सुखात ठेवतो, वर काय चाललंय ते मात्र झाकतो. शोध संपेपर्यंत तो नकोच. आणि वर काम करताना रिगचा पॉवर सप्लाय बंद ठेवा, नुसता आवाज कमी करून भागणार नाही. डायपोलच्या टोकांना १०० वॉटवरसुद्धा अंगाला चटका बसेल एवढा व्होल्टेज असतो. आकाशात गडगडाट असेल तर त्या दिवशी गच्चीवर जाऊ नका. खांब खाली घेताना किंवा उभा करताना तो कोणत्याही बाजूला पडला तरी विजेच्या तारेला शिवणार नाही, एवढं अंतर आधी डोळ्यांनी मोजा.

यासाठी हवंय काय? ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर), साधा मल्टिमीटर आणि शक्यतो नॅनोव्हीएनए (छोटं मोजणी यंत्र) किंवा कोणताही अँटेना अॅनालायझर. अॅनालायझर नसेल तर एखाद्या स्नेही हॅमकडून दोन दिवसांसाठी मागून आणा, यात त्याने फार मदत होते.

आता साखळी तोडायला लागू. रिगकडून सुरुवात करायची, कारण तिथे पोचायला शिडी लागत नाही.

रिगला थेट डमी लोड लावा. मीटर १.१ च्या आसपास असायला हवा. मग मध्ये पॅच कॉर्ड, एसडब्ल्यूआर मीटर, ट्यूनर, स्विच असं एकेक घालत जा आणि प्रत्येक वेळी डमी लोडवर बघा. कॉर्ड हाताने हलवा, कनेक्टरच्या मानेपाशी वाकवा. आकडा थरथरला तर ती कॉर्ड बाजूला काढा. तयार मिळणाऱ्या पॅच कॉर्डमध्ये बाहेरची तारांची जाळी नीट सोल्डर न करता नुसती दाबलेली असते, असं बऱ्याचदा दिसतं. पुष्कळांचा "अँटेनाचा बिघाड" इथेच, टेबलावर सापडतो. तुमच्या बाबतीत पावसाचा संबंध स्पष्ट आहे, तेव्हा इथे काही सापडेल असं मला वाटत नाही, पण ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि ती केल्याशिवाय पुढचे आकडे भरवशाचे नाहीत.

पुढचा टप्पा मुख्य केबल. तिथे जरा थांबू, कारण माझा संशय तिच्यावरच जास्त आहे.

केबल वरच्या टोकाला बॅलनपासून सोडवा. टोक उघडं राहू द्या, काहीही जोडू नका. खाली शॅकमध्ये मल्टिमीटर सर्वांत वरच्या मेगाओहम रेंजवर ठेवा आणि मधली तार व जाळी यांच्यात मोजा. काहीच दिसता कामा नये, अगदी अनंत. काही मेगाओहम किंवा खाली-वर सरकणारा आकडा दिसला तर आत पाणी आहे, यात शंका नको. मग कोणाला तरी वरच्या टोकाला मधली तार आणि जाळी एकत्र टेकवायला सांगा. आता एक-दीड ओहम यायला हवेत. ५-१० ओहम आले किंवा केबल हलवल्यावर बदलले तर जाळी सडली आहे किंवा कनेक्टरमध्ये ड्राय सोल्डर (नीट न पकडलेला सोल्डर) आहे.

मल्टिमीटरवर पास झालेली केबल रेडिओ फ्रिक्वेन्सीवर नापास होऊ शकते, हे मात्र ध्यानात ठेवा. डीसी करंटला काळवंडलेल्या जाळीतूनही वाट सापडते. आरएफ करंट जाळीच्या पृष्ठभागावरून एका तारेवरून दुसरीवर उड्या मारत जातो, आणि तिथे प्रत्येक काळा ठिपका त्याला अडवतो. म्हणून पुढची चाचणी टाळू नका.

वरचं टोक उघडं ठेवूनच खाली अॅनालायझर लावा आणि ७.१ ला एसडब्ल्यूआर बघा. रिगची पॉवर अशा उघड्या केबलवर देऊ नका, हे काम अॅनालायझरचंच. वर पाठवलेली सगळी लाट उघड्या टोकावरून परत येते, म्हणून केबल जितकी चांगली तितका एसडब्ल्यूआर वाईट दिसायला हवा. १ डीबी तोट्याच्या केबलला ९ च्या जवळपास आकडा येतो. वरचं टोक शॉर्ट करूनही तसाच यायला हवा. त्याऐवजी ३ आला तर केबल एकाच दिशेने जाताना ३ डीबी खाते आहे, म्हणजे तुमची अर्धी पॉवर वर पोचतच नाही आणि ऐकू येणाऱ्या सिग्नलचंही तेच. २ आला तर तोटा ५ डीबीच्या जवळ आहे. अशी केबल दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका, ती बदला.

बरेच जण याऐवजी वरच्या टोकाला डमी लोड लावतात, खाली १.२ बघतात आणि केबलला पास करतात. त्याने फसायला होतं. भिजलेल्या केबलच्या टोकाला डमी लोड असो वा नसो, ती खालून बरीच सुंदर दिसते, कारण लाट वरपर्यंत जाऊन परत येण्याआधीच आत जिरलेली असते. डमी लोड वर लावायचाच असेल तर पॉवर मीटरही वर लावा. खाली ५० वॉट दिल्यावर वर ४० च्या आसपास पोचायला हवेत. २०-२५ पोचत असतील तर निकाल लागला.

अॅनालायझरने आणखी एक सोपी गोष्ट करता येते. वरचं टोक उघडं ठेवून १ मेगाहर्ट्झपासून हळूहळू वर जा आणि रेझिस्टन्स शून्याजवळ येऊन रिअॅक्टन्स पहिल्यांदा शून्य कुठे होतो ते शोधा. त्या फ्रिक्वेन्सीला केबल पाव तरंगलांबीची असते. आरजी-५८ च्या घट्ट पॉलिथिलीनमध्ये लाटेचा वेग हवेतल्याच्या ०.६६ पट असतो, म्हणून ४९.५ ला त्या मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागलं की मीटरमध्ये लांबी मिळते. तुमच्या २५ मीटरला हा बिंदू १.९८ मेगाहर्ट्झच्या आसपास यायला हवा. तो २.६ ला आला तर केबल विद्युतदृष्ट्या १९ मीटरवरच संपते आहे. शॅकपासून १९ मीटर मोजा आणि तिथे बघा, कदाचित खिळा, क्लॅम्पची धार, उंदराचे दात किंवा कोपऱ्यावर तीव्र वाकलेली जागा सापडेल. फोम भरलेल्या केबलला ०.६६ चालणार नाही, तिच्या माहितीपत्रकातला आकडा घ्या.

इथवरचा क्रम असा: ट्यूनर बायपास, मग टेबलावरचे जोड डमी लोडवर, मग वरचं टोक सोडवून केबल मल्टिमीटरवर, मग तीच केबल उघड्या आणि शॉर्ट टोकावर अॅनालायझरने. डायपोलच्या तारेला अजून हात लावलेला नाही.

केबल वरून सोडवाल तेव्हा तो पीएल-२५९ कनेक्टर नीट निरखा. हा कनेक्टर मुळात पाणी अडवण्यासाठी बनलेलाच नाही. नटाच्या आट्यांमधून, मागच्या केबलच्या तोंडातून, दोन्हीकडून पाणी आत शिरतं. नट मागे सरकवा. पिनच्या भोवतीचं इन्सुलेशन पांढरट, भुकटी धरलेलं असेल किंवा आट्यांत हिरवा थर असेल तर कनेक्टर कापून टाका. मग कनेक्टरपासून एक वीतभर अंतरावर केबलचं बाहेरचं काळं आवरण ब्लेडने उभं चिरा आणि उघडून बघा. जाळी लखलखीत तांबडी किंवा कल्हई केलेली चांदीसारखी हवी. ती मळकट तपकिरी, काळी दिसली, बोटाला काळी पूड लागली, तर पाणी जाळीच्या धाग्यांमधून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं आत गेलं आहे. आणखी एक मीटर मागे जाऊन पुन्हा चिरा. तिथेही काळी असेल तर केबलला रजा द्या. दोन-चार वितींवर स्वच्छ तांबं लागलं तर तेवढं कापून नवा कनेक्टर लावता येतो, पण मग उघड्या टोकाची अॅनालायझर चाचणी पुन्हा करून खात्री करायची.

आता बॅलनचा डबा. तयार डबा असेल तर उघडता येतो का बघा, काही रेझिनने भरलेले असतात. उघडला तर आत पाण्याचा ओघळ, गंजलेला नट, सैल झालेला वॉशर, सुटलेला सोल्डर यांकडे लक्ष द्या. मल्टिमीटरने मोजताना एक सावधगिरी लागते. करंट बॅलन म्हणजे चोक (केबलच्या बाहेरून वाहणाऱ्या करंटला अडवणारी गुंडाळी) पद्धतीचा असेल तर डायपोलच्या दोन हातांच्या स्क्रूंमध्ये डीसी सलगता दिसत नाही, मधली पिन एका स्क्रूला आणि बाहेरचं कवच दुसऱ्याला जोडलेलं दिसतं. व्होल्टेज बॅलनमध्ये सगळंच एकमेकांना शॉर्ट दिसतं आणि तो बिघाड नसतो. तुमचा कोणता आहे ते माहितीपत्रकावर बघा, नाहीतर धडधाकट बॅलनला उगाच बाद कराल. त्याऐवजी कामाची चाचणी करा. दोन स्क्रूंमध्ये ५० ओहमचा साधा कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर आखूड पायांनी लावा आणि खालच्या सॉकेटला अॅनालायझर. १:१ बॅलनला ७ मेगाहर्ट्झवर १.२ च्या आत आकडा यायला हवा. वायरवाउंड रेझिस्टर मात्र घेऊ नका, तो स्वतःच कॉइल असतो.

डब्याबद्दल माझं मत थोडं वेगळं वाटेल. डबा पूर्ण हवाबंद करण्याच्या मागे लागू नका. कितीही सीलंट लावलं तरी दिवस-रात्रीच्या तापमानामुळे हवा आत-बाहेर होते आणि सोबत ओल घेऊन जाते. एकदा आत गेलेलं पाणी मग बाहेर पडत नाही. वरून आणि बाजूने पक्कं बंद करा, पण तळाला तीन-चार मिलिमीटरचं भोक ठेवा. मी लावतो त्या प्रत्येक डब्याला ते असतं.

केबल आणि बॅलन दोन्ही पास झाले तर आता तारेकडे वळायचं. इथे एसडब्ल्यूआरचा एक आकडा उपयोगाचा नाही, तो सर्वांत कमी कुठे येतो ते शोधायचं. ६.५ ते ७.८ मेगाहर्ट्झ असा पट्टा स्वीप करा, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजत जा. कमी बिंदू खाली सरकला असेल तर अँटेना विद्युतदृष्ट्या लांब झाली आहे: तार ताणली गेली, टोक जमिनीच्या, पत्र्याच्या किंवा झाडाच्या जवळ आलं. वर सरकला असेल तर आखूड झाली आहे. बिंदू भलतीकडेच असेल किंवा कुठे सापडतच नसेल तर एक हात बहुधा तुटला आहे.

तुटलेला हात नेहमी लोंबकळत दिसेल असं नाही. प्लॅस्टिक आवरणाच्या तारेत आतले धागे मध्यभागच्या इन्सुलेटरपाशी वाऱ्याने हलून हलून तुटतात आणि बाहेरचं आवरण शाबूत राहून तार धरून ठेवतं. तो भाग दोन्ही हातांनी हलकेच ताणा. जिथे धागे तुटलेत तिथे तार रबरासारखी मऊ लागते आणि जरा लांबते. वाऱ्याच्या झुळकेबरोबर एसडब्ल्यूआर उड्या मारत असेल तर आधी हीच जागा चाचपायची.

तार तपासायला खांब खाली घ्याल तेव्हा त्या उंचीवर मोजलेला कमी बिंदू खरा धरू नका. जमिनीजवळ आली की अँटेनाची रेझोनन्स (ती आपोआप जुळते ती फ्रिक्वेन्सी) खाली सरकते आणि इम्पिडन्सही बदलतो. त्यापेक्षा असं करा: नॅनोव्हीएनए शॅकमध्येच ठेवा आणि ओपन, शॉर्ट, लोड हे कॅलिब्रेशन २५ मीटर केबलच्या वरच्या टोकाला लावून घ्या. मग केबल बॅलनला जोडून खांब उभा करा. आता स्क्रीनवर दिसेल ते केबल वगळून, वर बॅलनपाशीच मोजल्यासारखं दिसेल, आणि तेही नेहमीच्या उंचीवर.

तुम्ही जी तार कापलीत तिचाही हिशोब यात येईल. ७.१ च्या डायपोलची एकूण लांबी साधारण १४३ भागिले ७.१, म्हणजे २० मीटरच्या थोडी वर. त्यातून एकूण ३० सेंटिमीटर गेले म्हणजे दीड टक्का, आणि रेझोनन्स १०० किलोहर्ट्झच्या आसपास वर सरकली असणार. मूळ बिघाड दूर झाल्यावर कमी बिंदू ७.२ च्या जवळ सापडला तर घाबरू नका, तो कापण्याचा परिणाम आहे. दोन्ही टोकांना १५ सेंटिमीटरचे तुकडे सोल्डर करून परत जोडा. यापुढे जुळवणी करताना तार कापायची नाही, टोक मागे दुमडून स्वतःभोवतीच पिळायचं. पुन्हा लांब करायची वेळ आली तर उलगडता येतं.

नॉइज आणि कीबोर्ड या दोन तक्रारी तुम्ही वेगळ्या म्हणून लिहिल्यात. माझ्या मते दोन्हीचं मूळ एकच असण्याची दाट शक्यता आहे. केबलच्या जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून करंट वाहतो आहे. बॅलन बिघडला किंवा वरच्या कनेक्टरमध्ये जाळीचा जोड सैल झाला की केबल स्वतःच अँटेनाचा तिसरा हात बनते. बोलताना ती आरएफ थेट टेबलापर्यंत आणते, म्हणून कीबोर्ड बिथरतो. ऐकताना तीच घरभरच्या चार्जर, एलईडी दिवे, राउटर यांचा कचरा उचलून रिसीव्हरमध्ये ओतते, म्हणून नॉइज वाढतो.

याची खात्री सोपी आहे. केबल रिगला जोडलेली ठेवा, वरचं टोक बॅलनपासून सोडवून तिथे डमी लोड लावा आणि फक्त ऐका. अँटेनाच नाही म्हटल्यावर बँड जवळजवळ मुका व्हायला हवा. एस-मीटर तरीही तीन-चारवर हलत असेल तर आवाज जाळीतून येतोय. दुसरी खूण: अॅनालायझर लावून केबल हाताने धरली किंवा तिची जागा बदलली की एसडब्ल्यूआर हलतो. केबलच्या बाहेरच्या बाजूवर करंट नसेल तर हाताने फरक पडायला नको. आणि पाच मीटरचा तुकडा मध्ये जोडला की आकडा एकदम सुधारला, असं कोणी सांगत असेल तर तिथेही हाच रोग समजा. थोडा फरक केबलच्या तोट्याने पडतो, एकदम मोठा नाही.

उपाय म्हणजे केबल अँटेनाला जोडते तिथे, वर, चांगला चोक. एफटी २४०-३१ या फेराइट कड्यावर आरजी-५८ सारख्या जाडीच्या केबलचे १२ ते १४ वेढे घेतले तर ४० मीटरवर बाहेरच्या करंटला काही हजार ओहमचा अडथळा मिळतो. फोमवाली केबल यासाठी वापरू नका, छोट्या वेढ्यात तिची मधली तार फोम कापत एका बाजूला सरकते. कीबोर्डच्या वायरवर फेराइटचे क्लिप लावून लक्षण दबेल, पण करंट येतोय तिथेच अडवल्याशिवाय नॉइज कमी होणार नाही. तुमचा बॅलन व्होल्टेज प्रकारचा निघाला तर मी तो काढून त्याजागी हा चोकच लावेन.

सगळं परत जोडताना पाण्याची वाट बंद करायची. कनेक्टर पान्याने नाही, हाताने पण पक्का आवळा. त्यावर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप, निम्म्याने ताणून, खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत. म्हणजे वेढ्यांच्या कडा कौलांसारख्या खाली तोंड करून राहतात. त्यावर काळी विनाईल टेप, कारण रबरी टेपला ऊन सोसत नाही. नुसती सिलिकॉन पेस्ट फासू नका, साध्या सिलिकॉनमधून सुकताना ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि तांबं खातं. घरात शिरण्याआधी केबलला खाली झुकणारा एक वळसा द्या, म्हणजे तिच्या अंगावरून ओघळणारं पाणी तिथेच गळून पडेल.

शेवटी, हे सगळं लागल्यावर ६.५ ते ७.८ चा स्वीप जतन करा. सोबत केबल उघडी असतानाचा आकडाही लिहून ठेवा. पुढच्या पावसात शंका आली तर तुलना करायला तेच हाती असेल.

तुमच्याकडून मला तीन आकडे कळले तर पुढचं नेमकं सांगता येईल: वरचं टोक उघडं ठेवून ७.१ ला खाली दिसणारा एसडब्ल्यूआर, तेच टोक शॉर्ट करून दिसणारा एसडब्ल्यूआर, आणि वर डमी लोड असताना एस-मीटर किती दाखवतो. पहिले दोन ९ च्या जवळ आले तर मी केबल सोडून बॅलनकडे बघेन. ३ च्या जवळ आले तर नवी केबल आणा, आणि ती जोडल्यावर काही सेंटिमीटर तार परत लावण्यापलीकडे फारसं काम उरणार नाही असा माझा अंदाज आहे.